कोनदार अक्षरांचे गणित

सांगली-मिरज रस्त्यावरील पाट्यांमध्ये, विशेषतः व्यायामशाळा, हार्डवेअर आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या, जाड आणि कोनदार अक्षरांचे एक वळण ठळकपणे दिसते. त्यात गोलाईच्या जागी सरळ रेषा आणि तिरपे छेद असतात. अशी अक्षरे पट्टी व कोनमापकाने आखून होतात असे वाटते. प्रत्यक्षात तशी आखलेली अक्षरे डोळ्याला बेडौल दिसतात.

समान जाडीच्या आडव्या आणि उभ्या रेषांपैकी आडवी रेषा डोळ्याला अधिक जाड भासते, म्हणून ती थोडी बारीक ठेवावी लागते. टोकदार शेंडा तर उंचीला कमी वाटतो. जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनर यांच्या १९२७ सालच्या फ्युचुरा या भौमितिक टाइपफेसमध्येही (छपाईच्या अक्षरसंचातही) ‘ए’ या रोमन अक्षराचा शेंडा इतर अक्षरांच्या रेषेपेक्षा वर नेलेला आहे.

देवनागरीत खरी अडचण शिरोरेषेपासून सुरू होते. ती काना जितका जाड तितकीच ठेवली, तर शब्दावर काळा पट्टा ओढल्यासारखा दिसतो. शिवाय ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांमध्ये शिरोरेषेतील खंड हीच ओळखीची मोठी खूण असते, आणि रेषा जाड होऊ लागल्या की नेमकी तीच जागा बुजते. सामान्य दृष्टीचा माणूस सुमारे एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) एवढाच तपशील वेगळा पाहू शकतो; ६० मीटरवर ते अंतर सुमारे पावणेदोन सेंटिमीटर भरते. त्यामुळे तेवढ्या अंतरावरून वाचायच्या पाटीवर ‘भ’चा खंड याहून अरुंद असेल, तर तो ‘म’ वाटण्याचा धोका आहे, अक्षर कितीही ठसठशीत असो. ‘ब’च्या पोटातील तिरप्या रेषेचीही हीच गत होते. माझ्या मते देवनागरीतील कोनदार वळणाची परीक्षा ‘क’ किंवा ‘ग’वर न करता ‘भ’, ‘ध’, ‘ब’ आणि जोडाक्षरांवर करावी. इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि राजधानी हे चौकोनी घडणीचे फाँट मोफत मिळतात. ते वापरतानाही एवढे जरूर तपासावे.

परिच्छेद छापण्यासाठी हे वळण कामाचे नाही, कारण लहान आकारात अक्षरांच्या पोटातील पोकळ्या भरून जातात. दोन-चार शब्दांचा मथळा, पाटी किंवा वेष्टन मात्र त्याला शोभते. मार्केट यार्डातील हळदीच्या पोत्यांवर कापलेल्या पत्र्यातून छाप मारायचा असेल, तर सरळ कडा कापायला सोप्या जातात. परंतु ‘प’, ‘व’, ‘ठ’ यांसारख्या अक्षरांमधील बंद भाग गळून पडू नये म्हणून तेथे पत्र्याच्या बारीक पट्ट्या राखाव्या लागतात, आणि त्यांची जागा आरेखनातच ठरवणे शहाणपणाचे असते. ओतकामातील नावांचे गणित आणखी निराळे आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ओतल्या जाणाऱ्या एखाद्या सुट्या भागावर नाव उठवायचे झाले, तर अक्षरांच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर वाळूत दाबलेला भागाचा नमुना बाहेर काढताना वाळूचा साचा ढासळतो. वाळूच्या तीक्ष्ण कडाही सहज झडतात, म्हणून कागदावर धारदार असलेले कोपरे लोखंडासाठी आधीच थोडे गोल करून द्यावे लागतात.