हॅम स्टेकची आठ मिनिटं आणि मिलिमीटरभर हवा

परवा एका मित्राने फोटो पाठवला आणि खाली एकच प्रश्न, "हे कच्चं आहे का?" फोटोत हॅम स्टेकचा कापलेला तुकडा, कडेला छान तांबूस डाग, आत स्वच्छ गुलाबी. एअर फ्रायरमध्ये २०० डिग्रीला दहा मिनिटं ठेवला होता त्याने. मी उत्तर देईपर्यंत घरात कोणीतरी म्हणालं की गुलाबी म्हणजे कच्चंच, मग त्याने तो परत आत टाकला, अजून बारा मिनिटं, आणि दुसरा फोटो आला त्यात कडा वर वळलेला, चामड्यासारखा कडक झालेला तुकडा, आणि आतून अजूनही गुलाबीच! चांगला घास वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण यातली प्रत्येक गोष्ट आधी सांगता आली असती, शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुद्धा.

आधी हॅम स्टेक म्हणजे काय ते पटकन बघू. डुकराच्या मागच्या मांडीचं मांस मीठ आणि थोडंसं नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार) घालून मुरवतात, बऱ्याचदा धुरी देतात, शिजवतात, ते हॅम. त्याचा आडवा कापलेला जाड काप म्हणजे हॅम स्टेक, साधारण सव्वा ते अडीच सेंटिमीटर जाड, कधी मधोमध हाडाची गोल चकती असलेला. महत्त्वाचं हे की पाकिटातला हॅम स्टेक बहुतेक वेळा आधीच शिजलेला असतो, आपण तो फक्त गरम करतो आणि बाहेरून भाजतो. ब्रिटनमध्ये गॅमन स्टेक म्हणून जे मिळतं ते मात्र मुरवलेलं पण कच्चं असतं, ते पूर्ण शिजवावंच लागतं, दिसायला दोन्ही जवळपास सारखे, म्हणून पाकिटावरचं वाचणं सोडू नका.

आता मशीन. एअर फ्रायर काहीही तळत नाही. वर एक तापणारी कॉइल, तिच्या मागे जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली, झालं. पंखा लावलेल्या भट्टीची कल्पना जुनी आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला अशी भट्टी बनवली होती. फिलिप्सने २०१० मध्ये ती छोट्या डब्यात बसवून एअरफ्रायर नावाने आणली आणि नाव असं चिकटलं की लोकांना वाटायला लागलं आत तेलाशिवाय तळण्याची काही जादू आहे. दुसरीकडे काही लोक त्याला घाबरतात, म्हणतात आतून रेडिएशन येतं, अन्न 'मेलेलं' होतं वगैरे. अहो, तापलेल्या कॉइलमधून जे येतं ते इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, तेच निखाऱ्यातून येतं आणि तेच तुमच्या स्वतःच्या अंगातूनही येतं. यात मायक्रोवेव्ह नाहीत, आणि असत्या तरी त्याने अन्न मेलं नसतं.

पण हा पंखा, आणि त्याच्यामुळे जे होतं ते, मला फार आवडतं, त्यामुळे इथे जरा थांबणार आहे.

२०० डिग्रीच्या भट्टीचं दार उघडून क्षणभर हात आत घातला तर ऊब लागते, भाजत नाही, पण २०० डिग्रीच्या तेलात बोटाचं टोक जरी बुडालं तरी फोड येतो. तापमान तेच. फरक हा की एक लिटर तापलेल्या तेलात तेवढ्याच गरम हवेच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता साठलेली असते. हवा म्हणजे जवळजवळ रिकामी जागाच, देणार काय आणि किती. त्यात अजून एक अडचण, कुठल्याही पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर उभा असतो, त्याला बाउंडरी लेयर म्हणतात. १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल या २९ वर्षांच्या जर्मन इंजिनिअरने छोटंसं भाषण दिलं आणि त्यात सांगितलं की वाहत्या हवेचा वस्तूला लागलेला कण वस्तूच्या सापेक्ष हलतच नाही, वेग शून्यापासून हळूहळू वाढत जातो, आणि जे काही घडतं ते या पातळ थरातच घडतं. विमानाचे पंख, जहाजं, वाऱ्यात वाळणारे कपडे, सगळं त्या भाषणाच्या पोटात आहे, आणि आपला हॅम स्टेकही.

कारण स्थिर हवा ही उत्तम इन्सुलेटर आहे, स्वेटर उबदार असतो तो लोकरीत अडकलेल्या हवेमुळेच. पंखा नसलेल्या भट्टीत हॅमभोवती साधारण चार मिलिमीटर स्थिर हवेइतका अडथळा असतो, म्हणजे तुकडा अदृश्य गोधडी पांघरून बसलेला. पंख्याचा झोत आला की ती गोधडी झिजून मिलिमीटरभर उरते. तापमान न वाढवता उष्णता जायचा वेग तीन-चार पट होतो! गरम चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा हेच उलट दिशेने करत असतो.

आता हिशोब करू, कारण पाककृतीत 'आठ ते दहा मिनिटं' लिहिलेलं असतं ते कुठून येतं हे कोणी सांगत नाही. समजा तुकडा २२५ ग्रॅमचा आणि १.२ सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण ३५० चौरस सेंटिमीटर. फ्रिजमधून ५ डिग्रीला निघाला आणि त्याला ६० पर्यंत न्यायचंय. मांसात बरंचसं पाणीच असतं, एक ग्रॅम मांस एक डिग्रीने तापवायला सुमारे ३.३ ज्यूल लागतात. २२५ गुणिले ३.३ गुणिले ५५, म्हणजे जेमतेम ४० किलोज्यूल. एअर फ्रायरची कॉइल १५०० वॉटची धरली तर एवढी उष्णता ती २७ सेकंदांत देते. सत्तावीस सेकंद! मग बाकीचा वेळ जातो कुठे?

जातो त्या मिलिमीटरभर हवेत. पंख्याच्या झोतात एका चौरस मीटरला, दर डिग्री फरकामागे, साधारण ३० वॉट जातात असं धरा. हवा २०० ची, तुकड्याचा पृष्ठभाग सरासरी ५० चा, फरक १५०. ३० गुणिले ०.०३५ गुणिले १५०, उत्तर येतं १५७ वॉट. म्हणजे १५०० वॉटच्या मशीनमधून हॅममध्ये शिरतात जेमतेम दीडशे, बाकीचं टोपली, भिंती आणि बाहेर जाणारी हवा घेऊन जाते, शिवाय थर्मोस्टॅट कॉइल सतत चालू ठेवतही नाही. या वेगाने ४० किलोज्यूलला सव्वाचार मिनिटं लागतात.

उरलेली पावणेचार? ती पाणी खातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात, तेवढ्या उष्णतेत बर्फाइतकं थंड पाच ग्रॅमहून जास्त पाणी उकळीला येईल. आठ मिनिटांत तुकड्यातून १५ ग्रॅम पाणी उडालं असं धरलं तर झाले ३४ किलोज्यूल, म्हणजे अख्खा तुकडा गरम करायला जेवढी उष्णता लागते जवळजवळ तेवढीच पुन्हा, फक्त वाफेसाठी! दोन्ही मिळून ७४, भागिले १५७ वॉट, आले पावणेआठ-आठ मिनिटं. आकडे मी ढोबळ घेतलेत, तुमच्या मशीनमध्ये थोडे इकडेतिकडे होतील, पण पहिल्यांदा कागदावर हे आठ आले तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे.

आणि याचा उपयोग लगेच होतो. पाकिटातून काढलेल्या हॅमवर रसाचा ओला चकचकीत थर असतो. तो चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम असेल, तर त्याची वाफ होण्यातच सव्वा मिनिट गेलं. त्याहून वाईट म्हणजे पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभर डिग्रीच्या बराच खाली अडकून राहतो, शाळेतल्या ओल्या फडक्याच्या थर्मामीटरसारखा, कारण उडणारं पाणी त्याला थंड ठेवतं, भोवती हवा २०० ची का असेना. आणि तो तांबूस रंग, तो भाजल्याचा वास, तो येतो मायार अभिक्रियेतून, १९१२ मध्ये लुई कमिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णन केलेली, ज्यात प्रथिनांचे घटक आणि साखर एकत्र येऊन शेकडो नवे रेणू बनतात, आणि ती जोरात चालते १४० डिग्रीच्या आसपास. ओल्या पृष्ठभागावर १४० कधी येणार? मी एकाच पाकिटातले दोन काप करून बघितले, एक तसाच ओला आणि एक टिश्यू पेपरने दोन्ही बाजूंनी नीट दाबून कोरडा केलेला. पाच मिनिटांनी टोपली ओढली तर ओला नुसता फिकट आणि घामेजलेला दिसत होता, दुसऱ्याच्या चरबीच्या कडेवर सोनेरी बुडबुडे फुटत होते आणि मधल्या भागात तपकिरी ठिपके धरायला लागले होते. तापमान तेच, वेळ तीच, फक्त एक टिश्यू पेपर. दोन काप एकमेकांवर ठेवले तर मधल्या बाजूंना वाराच मिळत नाही, म्हणून ते एका थरातच ठेवायचे आणि मध्ये एकदा उलटायचे, कारण झोत वरून येतो.

आता आतलं. उष्णता आत जाते ती फक्त वहनाने, आणि मांस वाहक म्हणून सुमार आहे. उष्णता पसरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, निम्म्या जाडीचा वर्ग भागिले मांसाची थर्मल डिफ्युझिव्हिटी, म्हणजे त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, जो सेकंदाला ०.१४ चौरस मिलिमीटर आहे. १२ मिलिमीटरच्या कापाला ३६ भागिले ०.१४, म्हणजे सव्वाचार मिनिटं. जाडी दुप्पट केली तर १४४ भागिले ०.१४, सतरा मिनिटं. बाहेरचा अडथळा मोठा की आतला हे सांगणारा एक आकडा असतो, बायो नंबर, फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ बाप्टिस्ट बायो यांच्या नावाचा, बाहेरून येणारा प्रवाह (वरचे ते ३० वॉट) गुणिले निम्मी जाडी भागिले मांसाची वाहकता. आपल्या कापासाठी तो ०.४ च्या आसपास येतो, तळणीच्या कढत तेलात तोच चारच्या घरात जातो. एकापेक्षा लहान आहे याचा अर्थ उष्णता मुख्यतः हवेत अडते, आत ती त्यामानाने सहज वाटली जाते, म्हणून एअर फ्रायरमध्ये पातळ काप बराचसा एकसारखा तापतो. जाड कापाला बायो एकाच्या जवळ सरकतो, मग बाहेरचं वाळतं आणि मधलं थंड राहतं, म्हणून अडीच सेंटिमीटरच्या कापाला तापमान १७०-१८० वर आणून जास्त वेळ द्यायचा. हा परिच्छेद जड गेला असेल तर एवढंच लक्षात ठेवा, जाडी दुप्पट तर वेळ दुपटीहून बराच जास्त.

आता मित्राचा गुलाबी रंग. मांसात मायोग्लोबिन नावाचं, त्याला रंग देणारं प्रथिन असतं, त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू. साधं मांस तापवलं की ते करडं-तपकिरी होतं, म्हणून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की गुलाबी म्हणजे कच्चं. हॅममध्ये मात्र नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते त्या लोहावर ठाण मांडून बसतं. तापवल्यावर भोवतीचं प्रथिन उलगडतं पण ही जोडी सुटत नाही, रंग गुलाबीच राहतो. हे १९०१ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी दाखवलं, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे वडील, ज्यांनी कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यायला सांगितलं तेच. तर हॅम एअर फ्रायरमध्ये तासभर ठेवलं तरी आतून गुलाबीच दिसणार, रंग बघून काहीच कळत नाही. विश्वास थर्मामीटरवर ठेवायचा, तोही बाजूने मधोमध खुपसून, हाडाला न लावता. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की त्यांच्या तपासणीतल्या कारखान्यात पॅक झालेलं शिजवलेलं हॅम ६० डिग्रीपर्यंत गरम करा, बाकीचं शिजवलेलं ७४ पर्यंत, आणि कच्चं ६३ पर्यंत नेऊन तीन मिनिटं तसंच ठेवा. कापलेल्या हॅमवर कधी हिरवट-इंद्रधनुषी चमक दिसते तिलाही लोक घाबरून टाकून देतात. स्नायूंचे तंतू आडवे कापले गेले की त्यांच्या बारीक रचनेवरून प्रकाश विखुरतो, सीडीवर दिसतात तसे रंग. खराब झालेलं हॅम वासावरून आणि बुळबुळीतपणावरून कळतं.

एक गोष्ट मात्र कडक शब्दात सांगायला हवी. 'एअर फ्रायरमध्ये केलं म्हणजे हेल्दी' हे हॅमला लागू नाही. बटाट्याच्या काचऱ्या तेलात तळण्याऐवजी यात केल्या तर तेल वाचतं हे खरं, पण हॅम तेलात पोहत कधीच नव्हतं, आणि त्यातलं मीठ आणि नायट्राइट वाऱ्याने उडून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं, आणि रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज दिला. गट १ म्हणजे सिगारेटइतकं घातक असं नाही, तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तेव्हा रोज नको, आणि कधीतरी खाताना भीतीही नको.

राहिल्या त्या वर वळलेल्या कडा. कापाच्या कडेला चरबी आणि तिला धरून ठेवणारा कोलॅजन या चिवट प्रथिनाचा पट्टा असतो, कोलॅजन ६० डिग्रीच्या पुढे आखडायला लागतं, आणि कड सर्वात आधी तापते. पट्टा आवळला की काप वाटीसारखा होतो. मग त्या वाटीत रस साचतो आणि पुन्हा तेच, मधला भाग ओला, शंभरच्या खाली अडकलेला, कडा जळायला आल्या तरी मध्ये रंग नाही. टोपलीत ठेवण्याआधी कात्रीने कडेच्या चरबीला दर दोन-तीन सेंटिमीटरवर छोटे काप द्यायचे, मांसात फार आत न जाता. मधाचा किंवा ब्राऊन शुगरचा ग्लेझ लावायचा असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, तोवर पृष्ठभाग कोरडा झालेला असतो आणि साखर जळायच्या आत चकाकी धरते. मित्राला मी एवढंच कळवलंय, टिश्यू पेपर, कात्री, ६० डिग्री. त्याच्या फ्रिजमध्ये अजून एक पाकीट आहे म्हणे.