कोडी, प्लेक्स, एम्बी, जेलीफिन : टीव्हीमागच्या दोन घराण्यांची गोष्ट

आपल्याकडे साठवलेले सिनेमे आणि व्हिडिओ टीव्हीवर बघायला कोडी लावू, प्लेक्स लावू, एम्बी की जेलीफिन, असं कुणी विचारलं की उत्तरात लगेच फीचर्सची यादी येते. पण ही सॉफ्टवेअरं आज अशी का वागतात ते त्या यादीतून कळत नाही, त्यासाठी ती कुठून आली ते बघावं लागतं. आणि ती दोन वेगळ्या घराण्यांतून आलीयेत.

पहिलं घराणं एक्सबॉक्सचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या मशीनचं. २००२ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी मॉडचिप (कंपनीचं कुलूप चुकवणारी चिप) बसवलेल्या पहिल्या एक्सबॉक्सवर व्हिडिओ प्लेयर चालवला, त्यातूनच पुढे एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं. मशीन हॉलमध्ये, हातात गेमपॅड, त्यामुळे मोजक्या बटणांत आणि लांबून दिसेल असं सगळं, तो साचा अजून तसाच आहे. पुढे ते लिनक्स, विंडोज, मॅकवर गेलं, एक्सबॉक्स मागेच राहिला, नावावर कायदेशीर हक्कही नव्हता, म्हणून २०१४ मध्ये नाव बदलून कोडी. त्याआधीच, २००८ मध्ये, मॅकवरची शाखा फुटून प्लेक्स झालं होतं. प्लेक्सने नंतर सर्व्हर (फाइल्स सांभाळून पाठवणारा) आणि प्लेयर (टीव्हीवर दाखवणारा) वेगळे केले, लॉगिन आणलं, आणि फाइल्स आपल्या घरात पण दार त्यांच्या खात्यातून अशी रचना तयार झाली.

दुसरं घराणं विंडोज मीडिया सेंटरचं, म्हणजे विंडोजमधल्याच टीव्ही-व्हिडिओ बघायच्या सोयीचं, तेही २००२ चंच. हिरव्या बटणाचा रिमोट ज्यांनी वापरलाय त्यांना सांगायला नको. त्यावर मीडिया ब्राउझर नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर होतं, पोस्टर्स आणि माहिती छान दाखवायचं. २०१५ ला विंडोज १० आलं आणि त्यात मीडिया सेंटरच नव्हतं, पण प्लगइन तोवर स्वतःचा सर्व्हर होऊन बसलं होतं, तेच एम्बी.

आता मुख्य भांडण, डिसेंबर २०१८. एम्बीचा सर्व्हर तोवर ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड (सोर्स) सगळ्यांना खुला, जीपीएल लायसन्सखाली, आणि काही सोयींसाठी प्रीमियर नावाची वर्गणी. मग ठरलं की पुढची आवृत्ती क्लोज्ड, कोड बंद. बनवणाऱ्यांची अडचण खरी आहे, वेगवेगळ्या टीव्हींसाठी अ‍ॅप सांभाळायचं म्हणजे काम कधी संपत नाही आणि त्याचे पैसे वर्गणीतूनच येणार, सोर्स उघडा असला की वर्गणीचं कुलूप काढणं सोपं. हे मान्य. पण ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट पॅचेस, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या दिल्या, बग शोधून दिले, त्यांनी ते उघड्या प्रोजेक्टला दिले होते, आणि सगळा सोर्स नीट टाकला जात नाही अशी तक्रार तर आधीपासूनच होती. मला स्वतःला तो निर्णय चुकीचाच वाटतो, पैसे मागितले म्हणून नाही, सगळ्यांनी मिळून वाढवलेल्या गोष्टीचं दार मधेच लावलं म्हणून.

मात्र जीपीएलचा फायदा हा की जे एकदा उघडं दिलंय ते परत काढून घेता येत नाही. त्यामुळे एम्बीच्या ३.५.२ आवृत्तीचा कोड घेऊन त्याच महिन्यात जेलीफिन सुरू झालं. वर्गणी नाही, बाहेरचं खातं नाही, हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपवर व्हिडिओ बदलून देणं, जे प्लेक्स आणि एम्बी दोघंही पैशात देतात, ते फुकट. सुरुवातीला टीव्हीची अ‍ॅप्स कच्ची होती आणि काहींवर अजूनही जरा कष्ट पडतात, हे खरंय.

प्लेक्सवाल्यांना हा वाद तेव्हा दुसऱ्यांचा वाटला असेल, एप्रिल २०२५ मध्ये तो त्यांच्याही घरी आला. घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघणं तिथे फुकट राहिलं नाही, सर्व्हरवाल्याकडे पैसे भरून घेतलेला पास हवा किंवा बघणाऱ्याकडे. तेव्हा बरेच जण जेलीफिनकडे बघायला लागले, पण आपल्याकडे एक गोची आहे. बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे शेकडो घरं असतात, मग बाहेरून आत यायला राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. प्लेक्स स्वतःच्या रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून रस्ता काढून देतं, जेलीफिनला आपणच व्हीपीएन (दोन्ही टोकांना जोडणारा खाजगी रस्ता) नाहीतर आयपीव्ही६ (दर मशीनला वेगळा पत्ता देणारी नवी पद्धत) ची सोय करायची. पुण्यातल्या सर्व्हरवरचं गावी आईबाबांना दाखवायचं असेल तर हा मुद्दा फीचर्सच्या यादीपेक्षा मोठा आहे.

रिमोटने कंट्रोल करण्याचं पण तसंच. पूर्वी इन्फ्रारेड रिसीव्हर लावा, लिनक्सवर एलआयआरसीच्या (रिमोटची बटणं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमध्ये एकेक बटण जुळवा, घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळा रिमोट ठेवा. २०१२ ला ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आला आणि त्यासोबत एचडीएमआय सीईसी, म्हणजे टीव्हीच्या केबलमधूनच रिमोटचे हुकूम पोचवणारी सोय, हॉलमध्ये पोचली. सीईसी नवीन नव्हतं, एचडीएमआयच्या १३ व्या पिनवरून जाणारा साधा संदेश, टीव्ही कंपन्या तो अ‍ॅनीनेट प्लस, सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक अशा आपापल्या नावांनी विकत होत्या, म्हणून एकच गोष्ट आहे हे लोकांना कळतच नव्हतं. पायवर कोडी टाकलं की टीव्हीचाच रिमोट चालायला लागला, घरात कुणाला काही शिकवायची गरज नाही. याउलट मिनी पीसी घेणारे इथेच फसतात, बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना सीईसीची तारच जोडलेली नसते, मग वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. मशीन घ्यायच्या आधीच हे विचारून घ्या.

कोडीचं अजून एक, त्याला नेटवर्कवरून हुकूम देता येतात, म्हणून कोरे किंवा यात्से ही अ‍ॅप्स टाकून फोनचाच रिमोट होतो आणि सिनेमाचं नाव शोधायला टीव्हीवर एकेक अक्षर निवडत बसावं लागत नाही. आणि आता ही दोन घराणी एकत्रही नांदतात, मागे जेलीफिनचा सर्व्हर, टीव्हीपाशी कोडी, मधे दोघांना जोडणारं एक अ‍ॅडऑन. कुठल्या खोलीत कुठपर्यंत बघितलं ते सर्व्हर लक्षात ठेवतो, प्ले आणि पॉज टीव्हीच्या रिमोटवर.