एका मिनिटानंतर बदलणारा गळा

बीटल्स या ब्रिटिश बँडचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गाणं म्हणजे नुसता नशेचा अंमल, असं ठामपणे सांगणारे अजून भेटतात. त्यात या गाण्याचं खरं नवल बाजूलाच पडतं.

स्ट्रॉबेरी फील्ड हे लिव्हरपूलमधलं, बीटल्सचा गायक जॉन लेनन याच्या लहानपणीच्या घराजवळचं बालगृह होतं. १९६६ साली स्पेनमध्ये एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू असताना त्याने हे गाणं रचायला घेतलं. ते आठवणींपेक्षा आत्मशंकेचं आहे. गाणारा एक गोष्ट म्हणतो आणि लगेच मागे घेतो.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्याची दोन रूपं ध्वनिमुद्रित झाली. एक संथ. दुसरं ट्रम्पेट आणि चेलोंसह, जलद आणि वरच्या पट्टीतलं. लेननला पहिल्याची सुरुवात हवी होती आणि पुढे दुसरं. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचे वेग बदलून साधारण एका मिनिटापाशी दोन्ही जोडली.

हे जमलं कसं? टेपवर आवाज लांबीच्या रूपात साठतो. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर सरकत असेल, तर ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या, स्वराचं एक आवर्तन सुमारे ०.८६ मिलिमीटर जागा घेतं. तीच फीत सुमारे ६ टक्के हळू फिरवली की स्वर पेटीवरच्या काळी एकवरून पांढरी एकवर उतरतो आणि लयही तेवढीच मंदावते. वरच्या पट्टीतलं रूपच जलद होतं, म्हणून वेग कमी करताच दोन्ही गोष्टी एकदम जुळत आल्या. ते संथ असतं, तर त्या काळच्या यंत्रांवर हा सांधा अशक्य होता.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग गळ्याचा आहे. आपण खालचा स्वर लावतो तेव्हा स्वरतंतू सावकाश कंप पावतात. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी जवळपास तेवढीच राहते, म्हणून तिचे अनुनादही, म्हणजे ती ज्या कंपनांना बळ देते तीही, फारसे हलत नाहीत. फीत मंदावली की मात्र अनुनादसुद्धा त्याच प्रमाणात खाली येतात. १७ सेंटिमीटरची पोकळी १८ची झाल्यासारखं कानाला वाटतं. माणूस तोच, गळा दुसऱ्याचा! स्वतःबद्दल खात्री नसलेल्या गाण्याला याहून नेमका आवाज मिळाला नसता.

शेवटी लेनन ‘क्रॅनबेरी सॉस’ असं पुटपुटतो. बँडमधला त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनी मेल्याची अफवा १९६९ साली पसरली, तेव्हा त्यातच लोकांना ‘मी पॉलला पुरलं’ ऐकू आलं. अस्पष्ट आवाजात मेंदू अपेक्षित शब्द भरतो. गूढ संकेत वगैरे काही नाही. पॉल मॅकार्टनी पुढेही अनेक दशकं गात राहिले.