बॅटरी चार्जरची निवड

रिचार्जेबल सेलसाठी चार्जर घेताना आधी सेलचा रासायनिक प्रकार पाहतात, मग क्षमता. चार्जर किती वेगवान आहे यापेक्षा सेल भरल्याचे तो कशावरून ओळखतो, हे महत्त्वाचे. खोक्यावर मात्र वेगच ठळक छापलेला असतो.

निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा म्हणून ओळखला जातो. चार्ज होताना व्होल्टेज साधारण १.४५ पर्यंत चढते आणि सेल भरला की काही मिलिव्होल्टने उतरते. स्मार्ट चार्जर हा उतार हेरून प्रवाह तोडतो. तो स्पष्ट दिसायला प्रवाह क्षमतेच्या निम्मा ते तेवढाच लागतो, म्हणजे २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, क्षमतेचे माप) क्षमतेच्या सेलला १००० ते २००० मिलिअँपिअर. ‘सावकाश चार्ज केलेले बरे’ म्हणून ३०० मिलिअँपिअर लावले, तर उतार इतका पुसट होतो की चार्जरच्या तो लक्षात येत नाही आणि भरलेला सेल तापत राहतो. छोट्या ८०० एमएएचच्या ट्रिपल-ए सेलला मात्र ४०० ते ८०० पुरे.

साध्या चार्जरचे गणित वेगळे: क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह, १४ ते १६ तास. हा हिशेब रिकाम्या सेलचा आहे. अर्धा भरलेला सेलही तितकाच वेळ ठेवला तर जादा चार्ज होतो.

सेल जोडीनेच चार्ज करणारे चार्जर टाळावेत. जोडीतला एक आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत उगाच तापतो. एकच सेल घालून चार्जिंग सुरू होते का, हे पाहिले की प्रकार कळतो. जुना सेल स्मार्ट चार्जरने नाकारला, तर बहुधा सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. दोष चार्जरचा नसतो.

लिथियम-आयन सेलमध्ये असा उतार येतच नाही, त्यामुळे निकेलचा चार्जर त्याला वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्याला आधी स्थिर प्रवाह, मग ४.२ व्होल्टवर स्थिर व्होल्टेज देतात. प्रवाह सुमारे एक-दशांशावर आला की चार्जिंग पूर्ण बंद होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. शून्य अंश सेल्सिअसखाली हे सेल चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचते. १.५ व्होल्टच्या रिचार्जेबल डबल-ए लिथियम सेलमध्ये स्वतःचे सर्किट असते, त्यांना त्यांचाच चार्जर लागतो.