माकडाचं ‘दात विचकणं’: एका शब्दामागचा गुंता

माथेरानच्या वाटेवर माकडानं दात दाखवले की कुणी म्हणतं ‘बघ, हसतंय’, कुणी म्हणतं ‘मागे हो, चावेल’. बहुधा दोघंही चुकतात.

३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेनं हॅम नावाचा चिंपांझी रॉकेटमधून अंतराळात धाडला. जेमतेम साडेसोळा मिनिटांचं उड्डाण. ओठ मागे खेचलेला, दात उघडे असलेला त्याचा चेहरा पाहून लोकांना वाटलं, स्वारी खूश आहे. चिंपांझींमध्ये वर्षानुवर्षं वावरलेल्या अभ्यासकांना त्यात निव्वळ दहशत दिसली. पुढे फोटोसाठी त्याला पुन्हा त्याच आसनात बसवू पाहिलं, तर तो काही केल्या बसेना.

या मुद्रेला अभ्यासक ‘भयमुद्रा’ म्हणत. साठच्या दशकात एका डच अभ्यासकानं अर्थ बाजूला ठेवून फक्त दिसतं तेवढंच सांगणारं नाव वापरलं: आवाज न करता दात दाखवणं. ‘भय’ हा शब्द आजही सर्रास चालतो, पण डच अभ्यासकाचंच बरोबर होतं असं मला वाटतं. उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या माकडांत ही मुद्रा कनिष्ठानं वरिष्ठापुढे करायची, उलट जवळपास कधीच नाही. मात्र इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या टोंकियन माकडांत, जिथं मानपान सैल आहेत, तीच मुद्रा जवळीक साधायला वापरतात. तिथं कसलं भय?

मराठीत तर सगळाच काला. गुरगुरणारं कुत्रं, घाबरलेलं माकड, वर्गात निर्लज्जपणे हसणारं कार्टं, सगळे ‘दात विचकतात’. गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या नाकावर आठ्या पडतात. शरण आलेलं कुत्रं कान पाडून, अंग चोरून ओठ मागे घेतं. आणि माकड खरोखर धमकावतं तेव्हा नजर रोखून तोंड नुसतं वासतं, दात बहुधा ओठांआडच असतात.

माणसाच्या हसण्याचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकातला, विजेचे झटके देऊन चेहऱ्याचे स्नायू हलवून पाहण्यापर्यंतचा. १९७२ साली त्याच डच अभ्यासकानं स्मित आणि हास्य यांची मुळंच वेगळी मांडली: स्मित दात दाखवण्यातून, हास्य खेळताना तोंड सैल उघडण्यातून. २००९मध्ये गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्या पिल्लांना गुदगुल्या करून त्यांचे आवाज माणसाच्या बाळांच्या हसण्याशी ताडून पाहिले, तेव्हा हास्याचा हा वारसा किमान एक कोटी वर्षांचा निघाला. खेळकर चिंपांझीचे वरचे दात बहुधा ओठाखाली झाकलेले असतात. जाहिरातींतल्या ‘हसऱ्या’ चिंपांझीची वरची रांग एकदा बघा.