पेणचा गणेशमूर्ती उद्योग : हंगामी मागणीसाठी उत्पादन व साठ्याचे नियोजन

रायगड जिल्ह्यातील पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही भोवतालची गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. घरोघरचे कारखाने आणि मोठ्या शेड मिळून हा व्यवसाय जवळपास वर्षभर चालतो. मालाची मुख्य विक्री मात्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंतच होते. चतुर्थीची सकाळ उजाडली की न विकलेल्या मूर्तीला पुढच्या वर्षापर्यंत फारसे गिऱ्हाईक नसते. उत्पादन बारमाही आणि मागणी काही दिवसांची, त्यामुळे माती कधी भरायची, कोणत्या मूर्ती किती काढायच्या आणि रंग कधी द्यायचा, हे आधी ठरवावेच लागते.

मागणीची तारीख दरवर्षी सरकते. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. म्हणजे दोन हंगामांतले अंतर एकदा ३५४ दिवसांचे, तर लगेच पुढच्या वेळी ३८३ दिवसांचे. अधिक मास आला की कारखानदाराला महिनाभर जास्त मिळतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. सण चंद्राच्या गतीने येतो, पाऊस सूर्याच्या. मूर्ती सुकवायला उपयोगी पडणारा ऑक्टोबर ते मे हा कोरडा काळ दरवर्षी तेवढाच असतो. वाढलेले दिवस पावसाळ्यात पडतात. ते रंगकामाला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायला चालतात, ओली मूर्ती वाळवायला नाहीत.

म्हणूनच दसरा-दिवाळीपासूनच साच्यातून मूर्ती काढायला सुरुवात होते. हंगामापुरते कारागीर वाढवून दोन महिन्यांत सगळा माल उरकणे पेणला परवडणारे नाही. साचे मोजके, शेडमधली जागा मोजकी आणि डोळ्यांची आखणी करणारे कसबी हात तर त्याहून कमी. आखणी हीच पेणच्या मूर्तीची ओळख असल्याने तिथे नवशिका चालत नाही. त्यामुळे उत्पादनाचा वेग वर्षभर साधारण सारखा ठेवून तयार माल साठवणे, हाच इथला प्रघात आहे.

कच्च्या मालाचे गणित दोन प्रकारचे असते. शाडूची माती मुख्यतः गुजरातेतून, विशेषतः भावनगर भागातून येते. ती कोरडी ठेवली तर खराब होत नाही. म्हणून पावसाआधी मोठा साठा करून ठेवणे शक्य असते. प्लास्टर ऑफ पॅरिस राजस्थानातून, बिकानेरकडून येते. ते हवेतला ओलावा शोषते आणि मग पकड धरत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात प्लास्टरची पोती साठवून ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ते लागेल तसे मागवावे लागते. उलट प्लास्टरची मूर्ती काही मिनिटांत घट्ट होते, वजनाला हलकी असते आणि साचा लगेच पुढच्या मूर्तीला मोकळा होतो. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ आणि सुकायला वेळखाऊ. एका साच्यातून निघणाऱ्या नगांचा हिशेब दोन्हींत अगदी वेगळा पडतो.

या व्यवसायातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या मूर्ती. हमरापूर-जोहे पट्ट्यातून अशा मूर्ती मोठ्या संख्येने बाहेरगावी जातात आणि तिथले कारखानदार त्या रंगवून विकतात. रंग दिलेल्या मूर्तीवर पितांबराचा आणि शेल्याचा रंग कायमचा ठरून जातो. कच्च्या मूर्तीवर तो निर्णय खुला राहतो. फेटा बांधायचा की मुकुट रंगवायचा, खडे लावायचे की नाहीत, धोतर कापडाचे की रंगाचे, हे शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात आगाऊ मागणी पाहून ठरवता येते. अडकलेले भांडवलही कमी राहते, कारण रंगकामाची मजुरी अजून खर्ची पडलेली नसते.

नमुन्यांची निवड करतानाही हाच विवेक लागतो. दगडूशेठ, लालबाग, टिटवाळा हे नमुने आणि फूट-दीड फूट उंचीच्या घरगुती मूर्ती दरवर्षी खपतात. त्या आधी काढून ठेवल्या तरी चिंता नसते. एखाद्या गाजलेल्या मालिकेतील रूपाची मूर्ती मात्र त्या वर्षी हातोहात जाते आणि पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. असा माल इसार घेतल्याशिवाय काढू नये, हे अनुभवी कारखानदार जाणतात. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा हंगाम वेगळाच असतो. अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस येथील मराठी मंडळांसाठीचा माल जहाजाने जातो, म्हणून तो चतुर्थीच्या काही महिने आधीच रंगवून, बांधून तयार ठेवावा लागतो.

मूर्ती एकावर एक रचता येत नाहीत, त्यामुळे जागाच आधी संपते. माळा, पडवी, फळ्यांचे मजले, सगळे भरते. वाहतुकीत भाताचा पेंढा अजूनही उपयोगी पडतो.

नियम मध्येच बदलले की हे वर्षभराचे नियोजन कोलमडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. तोवर त्या हंगामाचा बहुतेक माल तयार होता आणि केंद्र सरकारला अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये करोनामुळे राज्य सरकारने उंचीची मर्यादा घातली : सार्वजनिक मूर्ती ४ फूट, घरगुती २ फूट. आधीच काढलेल्या मोठ्या मूर्ती पडून राहिल्या. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारीत बंदीच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला आणि जूनमध्ये प्लास्टरच्या मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन न करण्याची अट ठेवून. तेव्हा चतुर्थी अडीच महिन्यांवर होती. पर्यावरणाचा मुद्दा रास्तच आहे. पण या धंद्यासाठी नियम दिवाळीच्या सुमारास जाहीर व्हायला हवा, उन्हाळ्यात नव्हे.

चतुर्थीनंतर उरलेल्या मूर्ती झाकून ठेवतात. त्यांतल्या काही माघी गणेशोत्सवात खपतात, बाकीच्यांवर पुढच्या वर्षी पुन्हा रंगाचा हात फिरवावा लागतो. कारागिरांना मधल्या काळात नवरात्रातील देवीच्या मूर्तींचे काम मिळते.