अतांत्रिक कौशल्यांचे मूल्यमापन (परिचर्या-शिक्षण)

इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग ही परिचर्येतील तांत्रिक कौशल्ये. त्यांच्या जोडीला लागणारे परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद, संघकार्य, नेतृत्व, तसेच ताण व थकवा सांभाळणे यांना अतांत्रिक कौशल्ये म्हणतात. विद्यार्थी परिचारिकेच्या अंगी ती कितपत उतरली आहेत, हे तिच्या वर्तनावरून ठरवले जाते.

संज्ञेचा उगम सहसा विमानवाहतुकीत शोधतात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ जण दगावले. विमाने सुस्थितीत होती. नडले ते धुके आणि बोलण्यातला गोंधळ. १९७९ मधील नासाच्या कार्यशाळेनंतर वैमानिकांना संघप्रशिक्षण मिळू लागले. १९९०च्या सुमारास स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी ते भूलशास्त्रात आणले. पुढे ॲबर्डीनच्या ऱ्होना फ्लिन व सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांसाठी ‘अँट्स’ (२००३) आणि नंतर शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांसाठी ‘स्प्लिंट्स’ या वर्तन जोखण्याच्या श्रेणी घडवल्या. परिचर्येपुरती मात्र ही वंशावळ तोकडी वाटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये (१८५९, काही नोंदींत १८६०) रुग्णनिरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, आपल्या गैरहजेरीत काम अडू नये यासाठीची तजवीज हा दुसऱ्या एका प्रकरणाचा विषय. नाव नवे, आशय जुना, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. ‘अतांत्रिक’ या नकारार्थी नावावर आक्षेपही घेतले गेले आहेत.

परीक्षा बहुधा कृत्रिम प्रसंगात होते. मॅनिकिनच्या (सरावासाठीच्या रुग्ण-पुतळ्याच्या) मॉनिटरवर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्क्यांवरून ८८ वर येते. विद्यार्थिनी आकडा पाहते. पण ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हणून थांबते, की आकडा सांगून ‘डॉक्टर, लगेच या’ म्हणते? तोंडी सांगितलेला डोस ती उलट उच्चारून पक्का करते का? परीक्षक अशा वर्तनखुणा टिपतो. ‘अँट्स’मध्ये चांगले ते वाईट अशा चार पायऱ्या असून ‘दिसले नाही’ ही नोंद वेगळी ठेवली आहे. हा भेद महत्त्वाचा; जे करण्याची वेळच आली नाही, त्याचे गुण कापता येत नाहीत. खरी अडचण मौनाची. भान नव्हते म्हणून ती गप्प राहिली, की समोर सीनियर सिस्टर होत्या म्हणून, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही. त्यामुळे प्रसंग संपल्यावर तिला विचारणे आवश्यक ठरते. कॅथी लॅसेटर यांची २००७ची गुणतालिका क्रिस्टीन टॅनर यांच्या, परिचारिका रुग्णाबाबत निर्णय कसा घेते हे मांडणाऱ्या प्रतिमानावर बेतलेली आहे. हेरणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे यांबरोबर मागे वळून पाहणे हाही तिचा एक भाग आहे.

रोनाल्ड हार्डन यांनी डंडी येथे १९७५ मध्ये मांडलेली, एकेका टप्प्यावर एकेक ठरावीक काम करून दाखवायची ‘ऑस्की’ परीक्षा भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमातही (२०२१) आली आहे. ठरावीक मिनिटांच्या टप्प्यात कृती मोजणे सोपे जाते. पाळी बदलताना वॉर्डात दिली जाणारी ‘ओव्हर’, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे, मात्र खाटेपाशी उभे राहूनच ऐकावी लागते.